पन्नास पावलांचा बर्फ

२ मार्च

ताई,

भांडायचं नाही या अटीवर नमस्कार. फोनच केला असता, पण स्कीच्या कडा मशीनवर घासून घासून तुझा उजवा कान कामातून गेलाय, आणि डाव्याने तू फक्त स्वतःचं बोलणं ऐकतेस. तेव्हा कागदच बरा.

काम असं आहे. भिंगरीला स्की शिकवायची आहे. पोरगी साडेसात वर्षांची झाली. आत्या बर्फाच्या डोंगराखाली राहते, सगळ्या जगाला स्की आणि बूट बसवून देते, आणि सख्खी भाची जिन्याच्या कठड्यावरून घसरून हौस भागवते, हे काही बरं दिसत नाही. हंगाम संपत आलाय हे मला कळतं. पण आता कुठे न्यावं ते तूच सांग. माझं डोकं दिवसभर चष्म्यांच्या काचा कापण्यात जातं. डोंगरातलं मला ओ की ठो कळत नाही.

माझ्या अटी थोड्या आहेत. गाव फार उंचावर नको. खोली तळमजल्यावर हवी, आणि शिकाऊ मुलांचा उतार खिडकीतून दिसायला हवा. बाईसाहेबांचा खोकला हिवाळाभर सुटलेला नाही, त्यामुळे त्या बाहेर येणार नाहीत, आतून बघतील. (हे नाव तू आमच्या लग्नात पाडलंस, आता घरात दुसरं नाव चालतच नाही.) आणि जमेल तितकं लवकर हवं. शाळेच्या सुट्टीसाठी थांबायचं नाही.

तुझा,
धाकटा

६ मार्च

धाकट्या,

भांडायचं नाही म्हणतोस आणि भांडण हातात आणून देतोस! मार्चमध्ये आठवण झाली होय रे? डिसेंबरपासून मी इथे काय माशा मारत होते?

असो. आता लक्ष देऊन वाच. हंगाम संपताना जागा निवडायची तर चकचकीत फोटो बघायचे नाहीत. गाव किती उंचावर आहे ते बघायचं, आणि उताराचं तोंड उन्हाकडे आहे की सावलीकडे ते बघायचं. आमचं गाव खाली, आणि तोंड थेट उन्हाकडे. वीस मार्चनंतर इथला उतार सकाळी दगडासारखा कडक असतो, मधे तासभर बरा, आणि दुपारी वितळून नुसता राडा. नवशिकं पोर त्या राड्यात पडलं की भिजतं, रडतं आणि पुन्हा स्कीचं नाव काढत नाही. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीचा गुडघा पिरगळला. माझ्या भाचीला मी त्यात उतरवणार नाही म्हणजे नाही.

तुम्ही वरच्या गावाला जा. इथून बसने दीड तास. एप्रिलचा तिसरा आठवडा येईपर्यंत तिथे कोरडा बर्फ असतो. मुलांना वर न्यायला सरकता पट्टा आहे, नुसतं उभं राहायचं. शिकवणारी माझी मैत्रीण आहे, ती पोरांवर खेकसत नाही. बारा एप्रिलला सुट्टी लागते ना? तेव्हाच या. शाळा बुडवून राड्यात लोळायला आणण्यात काय शहाणपण आहे?

आणि ते खिडकीचं काय काढलंस? तरणतलावावर शिकवताना जिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू यायचा, ती आत बसून बघणार? खोकल्याला कोरडी हवा उत्तम. म्हणावं, तुम्हालाही स्कीवर उभं करते, नाटकं चालणार नाहीत.

सोबत तीन चिठ्ठ्या पाठवतेय. प्रत्येकाचं वय, उंची, वजन लिही. भिंगरीचं पाऊल कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरव. आणि वजन खरं लिही बाबा! बुटाला धरून ठेवणारा खटका मी वजनावरून लावते. लोक लाजून कमी लिहितात, आणि मग उतारावर स्की एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. दुकानात बायका मला दहा किलोंपर्यंत फसवतात. मी बघूनच ओळखते.

ताई

११ मार्च

ताई,

चिठ्ठ्या पाठवतोय. तिन्ही भिंगरीने भरल्यात, मला हात लावू दिला नाही. पावलाचा कागदही आहे. करंगळी वाकडी आली कारण तिला गुदगुल्या होत होत्या.

पण वरचं गाव नको गं. उंचीवर बाईसाहेबांचं डोकं दुखतं. तुझंच गाव चालेल. राडा तर राडा. तासभर बरा असतो म्हणालीस ना, आम्हाला तेवढा तासही पुरे. या महिन्यातच जमव.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. ‘नाटकं चालणार नाहीत’ वर बाईसाहेब खूप हसल्या.

धाकटा

(मागच्या बाजूला, पेन्सिलने)

आत्या, मी सगळ्यांची वजनं स्वतः केली. बाबा काट्यावर हलत होते म्हणून तीनदा केलं. आईला मी धरलं होतं, पण मग मी हात सोडला आणि पटकन आकडा बघितला, म्हणजे माझं वजन त्यात नाही. माझं एकवीस आहे. बूट लाल असले तर लाल दे. भिंगरी.

१५ मार्च

धाकट्या,

तुझी लेक तुझ्यापेक्षा नीट लिहिते. लाल बूट बाजूला काढून ठेवलेत, आत लोकरीचा मोजा घालून बघितलाय, बरोबर बसतील.

पण वजनं करताना भिंगरीबाईंनी घोळ घातलाय! आईचं वजन म्हणे अडतीस! मी हसून हसून खाली बसले. अगं भिंगरे, आई काट्यावर एका पायावर उभी होती का? उंची एकशे साठ आणि वजन अडतीस, असं माणूस मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही. मी आपलं अठ्ठावन्न करून टाकलं. बाईसाहेबांना म्हणावं, खरंच वीस किलो उतरले असतील तर ते पथ्य मलाही कळवा. जिना चढताना मी बोलायची थांबते, आणि मी बोलायची थांबले की गाव घाबरतं.

आणि डोकेदुखीचं मी ऐकणार नाही. पहिला दिवस दुखतं, दुसऱ्या दिवशी माणूस विसरतो. वरच्या गावात तुमची खोली मी ठरवूनही टाकली. बारा ते सोळा एप्रिल. तळमजला, आणि समोरच उतार आहे, झाली ना तुझी खिडकी? उगाच घाई करू नकोस. पोरीला पहिल्यांदा चांगला बर्फ मिळू दे. आयुष्य पडलंय, महिनाभर थांबलं म्हणून काय बिघडतंय?

ताई

२४ मार्च

ताई,

अडतीस बरोबर आहे.

तुला नऊ दिवस उत्तर पाठवलं नाही, कारण लिहायला बसायचो आणि उठायचो. आता सगळं लिहितो. खोकला नाही. फुप्फुसांचा आजार आहे, सप्टेंबरपासून. चार महिने औषधं चालली. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली, आणि त्या जवळ आल्या तेव्हाच मला कळलं. आता औषधं बंद आहेत. किती दिवस, तर त्या म्हणाल्या, महिन्यांत मोजू नका. उंचावर न्यायचंच नाही. इथे घरातच श्वास पुरत नाही, नाकाला नळी असते.

तुझ्यापासून का लपवलं, याचा तू राग करशील. कर. पण ऐकून घे. घरात येणारं प्रत्येक माणूस पायांचा आवाज न करता येतं. शेजारीण दारातच डोळे पुसते. तिच्या तलावावरच्या बायका हळू आवाजात बोलतात, ज्या तिच्याबरोबर वीस वर्षं ओरडत होत्या. एकट्या तुझ्या पत्रांत ती अजून धडधाकट आहे. तू तिला दम देतेस, चिडवतेस. तिनेच मला शपथ घातली होती, ‘ताईंना कळवायचं नाही, तेवढं एक घर मला सोडा.’ वीस किलोंचं वाचलं तेव्हा ती इतकी हसली की मला नळी नीट करावी लागली. म्हणाली, ‘पथ्य पाठवून द्या त्यांना.’

तिची एकच इच्छा आहे. तिने सातशे मुलांना पाण्यात सोडलं असेल, आणि स्वतःची लेक पाण्याला भिते. म्हणून मग बर्फ. म्हणते, ‘पोरीला एकदा स्वतःच्या जोरावर सरळ येताना बघितलं की माझं झालं.’ दिवसातून दोनदा तरी म्हणते. भिंगरी तिथेच चित्रं काढत बसलेली असते.

आता बारा एप्रिल कुणी पाहिलाय, ताई. मी तुला दोष देत नाही. मी सांगितलंच नाही तर तू तरी काय करणार? जमणार नसेल तर तसं सरळ कळव.

धाकटा

२७ मार्च

धाकट्या,

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. मग शटर ओढलं आणि मला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या तुला दिल्या. मग स्वतःला दिल्या. तिच्या आजाराचा आकडा माझ्या हातात होता, पोरीने इतक्या काळजीने घेतलेला, आणि मी शहाणी तो खोडून हसत बसले. ‘आयुष्य पडलंय’ लिहिलं मी. हात झडला असता तर बरं झालं असतं.

रडून झालं. आता ऐक.

आमचा उतार परवा बंद झाला. मधे काळी माती दिसायला लागली. पण माझ्या दुकानामागे, सावलीत, हिवाळाभर ढकलून ठेवलेला बर्फाचा ढीग आहे. उतार सपाट करणारं मशीन जो चालवतो, त्याच्याकडे काल गेले. गेली सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो, त्याने माझं कुंपण मोडलं होतं म्हणून. मी म्हटलं, माझ्या खिडकीसमोर बर्फ पसरून दे. त्याने का म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्याने चहाचा कप तसाच ठेवला आणि चावी घेतली.

पन्नास पावलं लांब, आठ पावलं रुंद पट्टा झालाय. उतार अगदी कमी, खाली सपाट, पोरगी आपोआप थांबेल. दिवसा वर भुसा आणि पांढरी कापडं घालून ठेवतोय, सकाळी काढू. हवा अशीच राहिली तर सात-आठ एप्रिलपर्यंत टिकेल. मी दुकानाची पुढची खोली रिकामी केली, पलंग खिडकीशी लावला. गावातली नर्स ऑक्सिजनची टाकी आणून ठेवतेय. वरच्या गावाची खोली सोडून दिली.

डॉक्टरीणबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या की पहिल्या गाडीत बसा. उत्तराची वाट बघू नका.

ताई

३० मार्च

ताई,

हे मी लिहितेय. अक्षर हलतंय, पण डोकं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्या. म्हणजे आता काही बिघडायचं राहिलेलं नाही असा त्याचा अर्थ, पण त्यांनी गोड करून सांगितलं. परवा दुपारी पोचतो.

दोन गोष्टी मागते. एक, माझ्याशी हळू आवाजात बोलायचं नाही. बोललात तर मी त्याच गाडीने परत जाईन. दुसरी, भिंगरीला पडू द्या. सारखं हात धरून तिला उतारावरून आणू नका. मी जन्मभर मुलांचे हात सोडतच आलेय, मला खरं-खोटं कळतं. ती आपली आपण आली पाहिजे. मला तेवढं बघायचंय. यांना जमणार नाही हो, हे हात सोडायचे नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतेय.

पथ्य समोर आल्यावर सांगते. तुम्हाला आवडणार नाही.

बाईसाहेब

२८ एप्रिल

ताई,

तिला जाऊन नऊ दिवस झाले. लोक आता येईनासे झालेत, ते बरंय. तिची तलावावरची शिट्टी खिळ्याला तशीच आहे. ती काढावी की ठेवावी हे मला ठरवता येत नाही, म्हणून तिच्यावरून नजर वळवून जातो-येतो.

तुझे आभार मानायला बसलो होतो, पण मनात जे कुरतडतंय तेच लिहितो, तुझ्याशिवाय कुणाला लिहू? तू आणि त्या मशीनवाल्याने जिवाचं रान केलं. पाच सकाळी बर्फ उघडलात, पाच दुपारी झाकलात. आणि त्या पाच दिवसांत माझ्या लेकीला एकदाही खालपर्यंत सरळ येता आलं नाही. निघायची, आणि आली की खिडकीच्या जरा अलीकडे धप्प. उठायची, पुन्हा धप्प. बाईसाहेब आत हसायच्या, हात हलवायच्या. पण त्या कशाची वाट बघतायत हे मला दिसत होतं. पट्टा रोज आखूड होत होता. शेवटच्या दिवशी तो वीस पावलांचाही राहिला नव्हता.

तेव्हा मी पोरीवर ओरडलो, ताई. तू आत होतीस. मी तिला म्हटलं, ‘एकदा तरी नीट ये, आईसाठी एवढंही होत नाही तुझ्याकडून?’ ती मग पुन्हा वर गेली आणि पुन्हा तिथेच पडली. आणि आम्ही सामान भरलं.

ती एकच गोष्ट मागत होती आणि ती तिला मिळाली नाही. हे मला सोडत नाही. एक अख्खा महिना मी खोटं बोलण्यात घालवला. मार्चच्या सुरुवातीला खरं लिहिलं असतं तर तुझ्या उतारावर चांगला बर्फ होता, पोरगी शिकली असती.

भिंगरी बोलत नाही. जेवते, शाळेत जाते. तिला तुला पत्र लिहायचंय म्हणते, मला वाचू देणार नाही म्हणते.

धाकटा

६ मे

आत्या,

हे पत्र फक्त तुझं आहे. बाबांनी तिकीट लावलं पण आत बघितलं नाही.

मला पहिल्याच दिवशी येत होतं. तू गुडघे वाकवायला सांगितलंस आणि मला आलं. पडण्यासारखं काही नव्हतं. मी मुद्दाम पडत होते.

आई म्हणायची की मी एकदा सरळ आले की तिचं झालं. रोज म्हणायची. म्हणून मी ठरवलं की सरळ यायचंच नाही. मला वाटलं मी आले नाही तर ती थांबेल. मग पुढच्या वर्षी पण थांबेल, कारण मला तेव्हाही येणार नाही. मी खूप वर्षं पडणार होते.

बाबा ओरडले तेव्हा मला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर त्यांनी मला सरळ यायला लावलं असतं.

मी एकदाही सरळ आले नाही आत्या, तरी ती गेली. आता मला वाटतं की तिला बघायचं होतं ते मी दाखवलं नाही. बाबांना सांगू नकोस.

भिंगरी

११ मे

भिंगरे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि जपून ठेवलं. बाबांना मी सांगणार नाही. पण तू सांग. आज नको, एखाद्या रविवारी, दोघंच असताना. तो रडेल, तर रडू दे, त्याने काही होत नाही. तो तुझ्यावर ओरडला याचं त्याला तुझ्यापेक्षा जास्त दुखतंय. तुझं ऐकलं की ते कमी होईल.

आता तुला एक गोष्ट सांगते. ती मी कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या बाबालाही नाही.

मी पंचवीस वर्षं लोकांना पडताना बघतेय. खरं पडणारं माणूस हात झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं. तू पडायच्या आधी मऊ जागा बघून घेत होतीस. मला दुसऱ्या दिवशीच शंका आली. शेवटच्या दिवशी बाबा बाहेर तुझ्यापाशी होता आणि मी आत आईची उशी सरळ करत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, अगं, ही पोरगी मुद्दाम पडतेय, हिला चांगलं येतंय. मी बाहेर जाऊन तिला सांगते, आईसाठी एकदा सरळ ये म्हणून.

आईने माझा हात धरला. जोर नव्हता हातात, पण तिने सोडला नाही. म्हणाली, ‘मला पहिल्याच सकाळी कळलं, ताई. ती मला थांबवून ठेवतेय. ठेवू दे.’

मग आम्ही दोघी खिडकीशी बसून तुला पडताना बघत राहिलो.

तुझी,
आत्या